स्वप्नांचा पंचनामा नको!

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या पालकसभेत एक सूचना पुढे आली. बारावीत शिकणाऱ्या एका मुलीच्या आईने सांगितले, की आपली मुलगी रात्री उशिरापर्यंत संगणकावर कुठलासा जपानी खेळ खेळते. त्या खेळातली मुलगी दिवसरात्र झोपते, स्वप्नांत भटकते, कुणाशी एक शब्द बोलत नाही आणि अखेरीस आपला जीव देते. सभेत क्षणभर शांतता पसरली. मग जो तो बोलू लागला. असले खेळ घरात येऊच देऊ नयेत, फादरांनी येत्या रविवारी वेदीवरून तशी स्पष्ट ताकीद द्यावी, असे एका ज्येष्ठ गृहस्थांनी सुचविले आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्ही मात्र तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली. न वाचलेल्या पुस्तकाला दोष देणे जितके अप्रामाणिक, तितकेच न पाहिलेल्या खेळाविरुद्ध वेदीवरून बोलणेही अप्रामाणिक, अशी आमची समजूत आहे.

त्या तीन आठवड्यांत धर्मग्रामातील दोन तरुणांना सोबत घेऊन आम्ही तो खेळ पाहिला; पुढे स्वतःही खेळलो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने चष्मा सावरीत कीबोर्डवरचे बाण दाबत बसावे, हे दृश्य त्या तरुणांना फार करमणुकीचे वाटले असावे. असो. मुदत संपली आहे आणि आमचे मत आम्ही येथे मांडीत आहोत. ज्यांना ताकीद हवी होती त्यांना ते रुचणार नाही. ज्यांना हा खेळ डोक्यावर घ्यायचा आहे त्यांनाही ते पुरतेपणी रुचेल असे नाही. दोन्ही बाजूंशी आमचे भांडण आहे.

आधी खेळाची ओळख. त्याचे नाव ‘युमे निक्की’, म्हणजे ‘स्वप्नांची रोजनिशी’. ‘किकियामा’ हे टोपणनाव धारण करणाऱ्या एका जपानी व्यक्तीने तो एकट्याने रचला आणि २००४ च्या जून महिन्यात जगाला फुकट देऊन टाकला. ही व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, हेही आजतागायत कुणास ठाऊक नाही. पुढे काही वर्षे भर पडत गेली आणि २००७ मध्ये शेवटची आवृत्ती आली. तिचा क्रमांक ०.१० असा आहे. जणू काम अजून पुरे झालेलेच नाही.

खेळाची नायिका मादोत्सुकी. तिच्या खोलीत एक पलंग, एक मेज, मेजावर रोजनिशी, एक दूरचित्रवाणी संच आणि बाहेर एक सज्जा. खोलीला दार आहे. ते उघडण्यासाठी आपण बटण दाबले, की ती नकारार्थी मान हलवते. दहा वेळा दाबा, दहा वेळा मान हलते. का, ते खेळ सांगत नाही. मग उरतो पलंग. ती झोपते आणि स्वप्नात तेच दार उघडते. पलीकडे अंधारात वर्तुळाकार मांडलेली बारा दारे; प्रत्येकामागे एक निराळे जग. कुठे बर्फ, कुठे घनदाट रान, कुठे मेणबत्त्या, कुठे आकड्यांनी भरलेल्या भिंती, कुठे डोळेच डोळे. ही जगे कडेला संपत नाहीत. एका बाजूने चालत गेलो, की दुसऱ्या बाजूने तिथेच येऊन पोहोचतो. या भटकंतीत चोवीस गोष्टी सापडतात. छत्री मिळाली की पाऊस पाडता येतो, सायकल मिळाली की वेगाने जाता येते, मांजर होता येते आणि मग दूरचे प्राणी जवळ येतात, डोक्याचा दिवा होतो आणि अंधारात उजेड पडतो. भीती वाटली तर तिने आपलाच गाल चिमटीत धरायचा. ती जागी होते आणि पुन्हा त्याच खोलीत असते.

एवढाच खेळ. यावर आमच्या सभेत आणि सभेबाहेर जे आक्षेप घेतले गेले, त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला आक्षेप दिसण्याचा. आजकालचे खेळ चित्रपटासारखे दिसतात आणि हा पाहावा तर ठोकळ्यांचा, असे एका शिक्षकांनी हसून म्हटले. ठोकळ्यांचा आहे खरा. ‘आरपीजी मेकर २००३’ नावाच्या ज्या साधनावर तो घडविला, त्याचा पडदा आडवा ३२० आणि उभा २४० ठिपक्यांचा. गुणाकार केला तर ७६,८०० ठिपके झाले. आज आपल्या खिशातल्या साध्या फोनच्या पडद्यावर पंचवीस लाखांच्या घरात ठिपके असतात. त्यातही माणसाच्या आकृतीला मिळते ती जागा चोवीस ठिपके रुंद आणि बत्तीस ठिपके उंच. एवढ्याशा चौकटीत मुलीच्या दोन वेण्या, मिटलेले डोळे आणि नकारार्थी हलणारी मान दाखवायची, तर प्रत्येक ठिपका विचार करूनच ठेवावा लागतो. आमच्या धर्मग्रामातील भगिनी वेदीच्या वस्त्रावर चौकडीचे भरतकाम करतात, त्यांना हे आम्ही समजावून सांगायला नको. एक टाका चुकला की कबुतराचा कावळा होतो. इटलीत राव्हेन्ना येथील सान व्हिताले हे मंदिर ५४७ साली अभिषिक्त झाले. त्याच्या भिंतींवरील मुखे रंगीत काचांच्या नि दगडांच्या बारीक तुकड्यांची आहेत. जवळ गेले तर तुकडे, दूर उभे राहिले तर मुखे. त्यांना कुणी ठोकळे म्हणत नाही. ठिपका ही उणीव नव्हे. जे दाखविलेले नाही ते पाहणाऱ्याने आपल्या मनातून भरून घ्यावे, यासाठी ठेवलेली ती मोकळी जागा आहे. आणि स्वप्नाच्या चित्रणाला इतकी अनुरूप रीत दुसरी क्वचितच असेल. आपली स्वप्ने तरी कुठे चित्रपटासारखी स्वच्छ असतात?

दुसरा आक्षेप वेळेचा. या खेळात काही घडत नाही, गुण मिळत नाहीत, कुणी जिंकत नाही. मग पोरांनी त्यात तासन्‌तास का घालवावेत? हा आक्षेप ऐकून आम्हांस खरोखर आश्चर्य वाटले. कारण याच घरांतून, क्रिकेटचे सामने चालू असताना, पैसे लावून संघ रचण्याच्या खेळांच्या जाहिराती वर्षानुवर्षे दाखविल्या गेल्या आणि कुणी पालकसभेत सूचना मांडली नाही. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. बेल्जियमसारख्या देशाच्या जुगार-नियंत्रण आयोगाने तर २०१८ सालीच काही नामांकित खेळांतील ‘नशिबाच्या पेट्या’ जुगारात मोडतात असा निर्वाळा दिला होता. ज्या खेळांत दर मिनिटाला घंटा वाजते, नाणी खणखणतात, ‘उद्या पुन्हा या, बक्षीस मिळेल’ असे आमिष असते, ते खेळ मुलांच्या वेळेवर टपलेले असतात. युमे निक्की मागत काहीच नाही. त्यात नाणी ओतावी लागत नाहीत, उद्या आला नाहीत तर नुकसान नाही, हरणे नाही. फार तर चोचीच्या विचित्र बायका पाठलाग करून मादोत्सुकीला बाहेर पडायला वाट नसलेल्या ठिकाणी सोडतात; गालाला चिमटा काढला की सुटका. त्यात सुरीही सापडते. पण ती चालव, अशी आज्ञा खेळ कुठेही करीत नाही. हातात सुरी आल्यावर आपण काय करतो, हे आपले आपल्यालाच दिसते. आम्ही सांगू का? आम्ही ती पुन्हा उचलली नाही. आमच्या सोबतच्या तरुणाने पहिल्याच क्षणी चालविली, आणि मग बराच वेळ तो गप्प बसला. आमच्या दृष्टीने तो अर्धा तास वाया गेला नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर. स्वप्नांत इतके रमणे हेच रोगट, असे म्हणणारी मंडळी आहेत. त्यांना आम्ही नम्रपणे दोन गोष्टींची आठवण देऊ इच्छितो. पहिली आपल्या घरची. पवित्र शास्त्रातून स्वप्ने वगळायची म्हटली तर याकोबाची शिडी जाईल, बंदिवासातला योसेफ जाईल, आणि नासरेथच्या सुताराचा योसेफाचा तर एकही निर्णय उरणार नाही. दुसरी गोष्ट जपानची. स्वप्नांची रोजनिशी लिहिणे ही तिथली फार जुनी रीत आहे. म्योए नावाचे एक बौद्ध भिक्षू ११७३ ते १२३२ या काळात होऊन गेले. क्योतोजवळच्या कोझान्‌जी मठाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांनी तारुण्यापासून जवळजवळ आयुष्यभर आपली स्वप्ने लिहून ठेवली. त्या वहीचे नाव ‘युमे नो की’, स्वप्नांची नोंद. पुढे १९०८ साली नात्सुमे सोसेकी या थोर कादंबरीकाराने दहा रात्रींच्या दहा स्वप्नांची एक माला वर्तमानपत्रातून प्रसिद्ध केली. १९९८ साली ओसामु सातो या कलावंताने आपल्या एका सहकारिणीने दहा वर्षे लिहिलेल्या स्वप्नांच्या वहीवरून एक संगणक-खेळ रचला. किकियामाची रोजनिशी या रांगेत येऊन बसते. मठातल्या भिक्षूने ध्यानाचा भाग म्हणून जे केले, ते एका अनाम व्यक्तीने घरच्या संगणकावर केले. यात रोगट काय? रोगट असेल तर स्वप्न पडले असता ते कुणालाच सांगता न येणे हे रोगट.

येथवर आम्ही खेळाची बाजू घेतली. आता दुसऱ्या छावणीकडे वळू.

या खेळाच्या चाहत्यांत एक फार मोठा वर्ग उकल करणाऱ्यांचा आहे. मादोत्सुकी दार का उघडत नाही? एक म्हणतो, तिच्या हातून खून झाला असावा. दुसरा म्हणतो, तिच्यावर अत्याचार झाला आहे. तिसरा म्हणतो, तिचे कुणी जिवलग रस्त्यावरच्या अपघातात गेले. प्रत्येकाजवळ पुरावे आहेत: अमुक जगात डोळे आहेत, तमुक जगात रस्त्यावर प्रेत आहे. खेळातला प्रत्येक दगड उचलून त्याखाली गुन्हा शोधला गेला आहे. कर्त्याने यांतल्या एकालाही दुजोरा दिलेला नाही. आणि गंमत अशी, की मुलीवर पंचनामा आटोपल्यावर मंडळींनी कर्त्याचाही पंचनामा केला. किकियामाचा काही वर्षे आवाज ऐकू आला नाही, तेव्हा २०११ च्या त्सुनामीत त्या व्यक्तीचा अंत झाला असावा अशी आवई उठली. २०१८ च्या जानेवारीत हा खेळ ‘स्टीम’ या विक्रीस्थळावर, पुन्हा फुकटच, आला; पुढच्याच महिन्यात किकियामाच्या सहभागाने त्याचा एक नवा अवतारही निघाला, तेव्हा ही आवई विरली. एखादी व्यक्ती नुसती गप्प आहे, हे आपल्याला सहन का होत नाही?

बर्फाच्या जगापलीकडे एका लहानशा घरात एक फिक्या केसांची मुलगी बसलेली असते. तिच्या खोलीत दिव्याचे बटण आहे. ते दाबले की दिवा जातो, पुन्हा दाबले की येतो. काही होत नाही. पण चौसष्टांत एकदा, कुठलेही कारण नसता, अंधार होताच तिच्या जागी एक भेसूर पांढरा चेहरा उभा राहतो आणि भिंती वितळून गेल्यासारख्या होतात. यावरही पाने भरभरून लिहिले गेले आहे. आम्ही त्याचा अर्थ सांगणार नाही. एवढेच विचारतो: रोजच्यासारखे दिव्याचे बटण दाबावे, रोजच्यासारखे ‘आलास का?’ म्हणावे, आणि समोरच्या ओळखीच्या माणसाचा चेहरा एकाएकी पालटून जावा, हा अनुभव कोणत्या घराला नाही? दारू प्यालेल्या बापाच्या मुलांना तो आहे. कर्ज दडवून ठेवणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला तो आहे. तिथे कारण शोधत बसण्याआधी माणूस घाबरतो. खेळ त्या घाबरण्यापाशी थांबतो. उकल करणारे थांबत नाहीत.

हे आम्ही वरच्या पायरीवर उभे राहून सांगत नाही. आमचाच एक अपराध सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही नवे नवे धर्मगुरू असताना, एक तरुण संध्याकाळच्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभा राहत असे. झोप लागत नाही, लागली तर त्याच त्या विहिरीचे स्वप्न पडते, एवढेच तो सांगे. आम्ही सेमिनरीतून मानसशास्त्राची दोन पुस्तके वाचून बाहेर पडलो होतो. तिसऱ्या भेटीतच आम्ही त्याला त्याच्या विहिरीचा अर्थ समजावून सांगितला, वडिलांशी त्याचे काय बिनसले असावे तेही सांगितले, वर तीन उपदेश केले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, ‘थँक्यू फादर’ म्हटले आणि तो पुन्हा कधी आला नाही. आमचा अर्थ कदाचित बरोबरही असेल. पण तो अर्थ विचारायला आला नव्हता. विहीर दाखवायला आला होता. पापनिवेदनाच्या खिडकीपाशी पुढे कैक वर्षे बसल्यावर आम्हांला उमगले, की माणूस बोलत असताना त्याच्या पुढे धावू नये. युमे निक्की खेळताना आम्हांस त्या तरुणाची आठवण झाली. हा खेळ आपल्याला कुणाच्या तरी विहिरीभोवती हिंडवितो आणि कुठेही अर्थ सांगण्याची संधी देत नाही. आमच्यासारख्या बोलघेवड्या माणसांना ती उत्तम शिक्षा आहे.

जपानमध्ये अशा दार लावून बसलेल्यांसाठी एक शब्द आहे, ‘हिकिकोमोरी’. साइतो तामाकी या मनोविकारतज्ज्ञाने १९९८ साली या विषयावर लिहिलेल्या पुस्तकाने तो घरोघरी पोहोचला. सहा महिने वा अधिक काळ समाजापासून तुटून घरातच राहणाऱ्यांस तो लावतात. जपान सरकारच्या मंत्रिमंडळ कार्यालयाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार पंधरा ते चौसष्ट या वयांत अशा माणसांची संख्या सुमारे १४ लाख ६० हजार होती. आकडा मोठा आहे. पण खेळ हा शब्द मादोत्सुकीला एकदाही लावीत नाही, आणि आमच्या मते हा त्याचा विवेक आहे. आपल्याकडे सभेत एका बाईंनी ‘माझा मुलगाही तसाच झाला आहे’ म्हणून तो शब्द लगेच उचलला. मुलगा दोन महिने खोलीत अभ्यास करतो आहे. परीक्षा तोंडावर आहे. बाईंनो, परदेशी शब्दाची चिठ्ठी मुलाच्या कपाळावर चिकटविण्यापूर्वी त्याला जेवायला हाक मारा.

आता शेवटाविषयी. येथे आम्ही चाहत्यांशी खरोखरच भांडणार आहोत.

चोवीस गोष्टी गोळा झाल्या, की त्या सगळ्या स्वप्नातल्या बारा दारांमधल्या अंधारात ठेवून देता येतात. तिथे त्यांची अंडी होतात. मग मादोत्सुकी जागी होते, सज्जात जाते आणि स्वतःचा अंत करते. खेळ संपतो. या शेवटाला काही जण ‘सुंदर’ म्हणतात. काहींना त्यात ‘मुक्ती’ दिसते. ती अजून स्वप्नातच असावी, असेही काही जण मनाची समजूत घालण्यासाठी म्हणतात. आमचे स्पष्ट मत असे, की खेळाचा शेवट हे त्याचे सर्वांत दुबळे अंग आहे. मृत्यू दाखविला म्हणून नव्हे. मृत्यू दाखविण्यास कलेला कुणी मनाई करू नये. दुबळे अशासाठी, की ज्या खेळाने तोवर कशालाच अर्थ चिकटविला नव्हता, त्याने नेमका येथेच एक पूर्णविराम दिला, आणि तोही असा, की जणू भटकंती संपली म्हणजे याखेरीज दुसरी वाटच नसते. अशा मृत्यूंनंतरच्या दफनविधींना आम्ही उभे राहिलो आहोत. त्यांत सुंदर काही नसते. आईच्या हातात मुलाची चप्पल असते आणि ती कुणाला सोडू देत नाही. मुक्ती हा शब्द तिथे कुणी उच्चारून दाखवावा.

त्याचबरोबर, असे गेलेल्यांना दूषणे देणाऱ्या बांधवांनाही सांगणे आहे, की ख्रिस्तसभेने १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट केले आहे: गंभीर मानसिक विकार, असह्य वेदना वा भीती यांनी अशा माणसाची जबाबदारी कमी होते, आणि त्याच्या तारणाची आशा आपण सोडता कामा नये. कृत्य गंभीर आहे हे ग्रंथ सांगतो आणि माणूस देवाच्या हाती सोडतो. निर्भर्त्सना नको आणि शृंगारही नको, ही आमची भूमिका त्यातून आलेली आहे.

खेळाच्या शेवटाला उत्तर मिळाले ते उपदेशकांकडून नव्हे, त्याच्याच वंशातल्या एका दुसऱ्या खेळाकडून. २०२० च्या नाताळच्या दिवशी ‘ओमोरी’ नावाचा खेळ प्रसिद्ध झाला. त्यातही ठिपक्यांची चित्रे, त्यातही घरात कोंडून घेतलेला मुलगा, त्यातही लखलखीत नि भेसूर स्वप्ने. आरंभीच खेळ बजावून सांगतो, की यात नैराश्य आणि आत्मघात यांचे चित्रण आहे. पण एक फरक फार मोठा आहे. चार वर्षे घरात बसलेल्या त्या मुलाच्या दारावर जुना मित्र येऊन ठोठावतो. दार उघडायचे की नाही, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. उघडले, तर पुढे केव्हातरी मनात दडविलेली भयंकर गोष्ट मित्रांपुढे बोलून टाकण्याची वेळ येते. न उघडले, तर कथा निराळ्या, अंधाऱ्या वाटेने जाते. मादोत्सुकीच्या जगात सारे काही आहे: पाऊस आहे, अवकाशयान आहे, त्यात एकटाच वाद्य वाजवीत बसलेला माणूस आहे. नाही तो बाहेरून दार ठोठावणारा. आणि तिच्या खोलीचे दार आतून उघडत नाही, हे तर पहिल्याच मिनिटाला कळलेले असते.

म्हणून सूचना मांडणाऱ्या ज्येष्ठांना आमचे उत्तर असे. खेळ लहान मुलांसाठी नाही, हे निःसंशय. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती तो पडू नये. त्यातली काही दृश्ये आणि शेवट त्याला झेपणारा नाही. मोठ्या मुलांच्या बाबतीत मात्र बंदी घालून आपण काय साधणार? संगणक हिरावून घ्याल, स्वप्ने हिरावून घेता येणार नाहीत. मुलगी तोच खेळ मैत्रिणीच्या घरी खेळेल, आणि आपल्याला काय दिसते ते आईला सांगायचे नसते, एवढा धडा मात्र पक्का शिकेल. त्यापेक्षा तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसा. ‘याचा अर्थ काय?’ असे विचारू नका. ‘तुला यांतले कोणते जग आवडते?’ असे विचारा, आणि ती दाखवील ते पाहा. खेळाच्या शेवटाविषयी तिच्याशी उघड बोला. तो विषय काढल्याने मनात विष कालवले जाते ही समजूत खोटी आहे. आणि खेळ असो वा नसो, एखादे मूल ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे बोलू लागले, झोप, जेवण, मित्र सोडू लागले, तर प्रवचन करू नका, नवस करीत दिवस काढू नका, डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येते. धर्मगुरूंचे दार आहेच. पण तिथे येताना डॉक्टरांची चिठ्ठी मागे ठेवून येऊ नका.

ज्या भगिनीने हा विषय काढला, ती परवा भेटली. मुलीशेजारी दोन रात्री बसली होती. ‘मला त्यातले काही कळले नाही, फादर,’ ती म्हणाली, ‘पण तिने छत्री उघडून मला पाऊस दाखवला. मग आम्ही दोघी बराच वेळ तो ऐकत बसलो.’ मुलीला काही दुखते आहे का, हे तिला अजून कळलेले नाही. कदाचित काहीच दुखत नसेल. परंतु उद्या दुखले, तर कुणाला दाखवायचे हे त्या मुलीला ठाऊक आहे.

वेदीवरून ताकीद आम्ही देणार नाही. वेदीवरून बोलण्याचा आग्रहच असेल, तर येत्या रविवारी इतकेच सांगू: घरी गेल्यावर मुलांच्या खोलीचे दार ठोठावा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.